वाट पाहणारे सिनेमे

'रजनीगंधा'त एक टॅक्सी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून ती चालली आहे आणि मागच्या सीटवर दीपा आणि नवीन बसले आहेत. एके काळी या दोघांचं प्रेम होतं, मग ते तुटलं. आता ती दिल्लीहून नोकरीच्या मुलाखतीसाठी आली आहे आणि तो तिला शहर दाखवतो आहे. दोघांच्या मध्ये थोडी जागा मोकळी. तिच्या साडीचा पदर वाऱ्याने उडतो, त्याच्या हाताशी जातो. ती ते पाहते. त्याच्या लक्षात आलंय की नाही, हे कळायला मार्ग नाही. मागे मुकेशचा आवाज, योगेश यांचे शब्द, सलील चौधरींची चाल. 'कई बार यूँ भी देखा है' संपतं तेव्हा कथेत काहीच घडलेलं नसतं. कुणी कुणाचा हात धरलेला नसतो, कुणी कबुली दिलेली नसते. एक बाई एका हाताकडे पाहत वाट बघत होती, एवढंच आपण पाहिलेलं असतं.

मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या कथेवर बासू चटर्जींनी 1974 साली हा सिनेमा केला. याच गाण्यासाठी मुकेशना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण मला तो पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो तो पुरस्कारासाठी नाही आणि जुन्या मुंबईच्या आठवणींसाठीही नाही. दिवसभर डोकं पिंजून निघालेलं असतं तेव्हा ही टॅक्सी मला शांत करते. का करते, हे मी बराच काळ शोधते आहे.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. ऑफिस फोर्टात, घर ठाण्याला. आमच्या धंद्यातला सप्टेंबर ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. टॅक्स ऑडिटची तारीख 30 सप्टेंबर. गणपती त्याच्या आगेमागे येतात, पितृपक्ष येतो, नवरात्राची तयारी सुरू होते आणि आम्ही मात्र कुणाच्या तरी खात्यात न जुळणाऱ्या रकमेमागे लागलेलो असतो. क्लायंट महिनाभर झोपलेला असतो, तो 25 तारखेला जागा होतो. आर्टिकलशिप करणारी, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडे काम शिकणारी पोरं रात्री डबे गरम करून तिथेच जेवतात. आणि या सगळ्यावर एक प्रश्न दिवसरात्र तरंगत असतो: मुदतवाढ मिळणार का? प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न. कुणीतरी म्हणतं, आज रात्री परिपत्रक येतंय. मग सगळे जागे. सकाळी पुन्हा, नाही आलं.

या दिवसांत कामाने माणूस थकतो, पण पोखरतं ते दुसरंच काहीतरी. मन जिथे बसलंय तिथे नसतंच. जेवताना ते उद्याच्या फाइलमध्ये असतं, लोकलमध्ये परवाच्या. आताच्या क्षणाला फक्त पुढच्या क्षणाची आडकाठी एवढीच किंमत उरते. तारीख उलटून गेल्यावरही ही सवय जात नाही. ऑक्टोबरात एखादी संध्याकाळ रिकामी मिळते आणि मी घरात उगाच उभी असते, हाक येण्याची वाट बघत असल्यासारखी.

अशा संध्याकाळी लोक सांगतात, काहीतरी जबरदस्त बघ, डोकं दुसरीकडे जाईल. मी बघितलंय. खुनाचा तपास, बँकेवरचा दरोडा, प्रत्येक भागाच्या शेवटी श्वास अडकवणारं काहीतरी. डोकं दुसरीकडे जातं हे खरं, पण ते ज्या अवस्थेत होतं त्याच अवस्थेत जातं. तिथेही मी पुढच्या मिनिटात राहते. डेव्हिड बॉर्डवेल या अभ्यासकाने सिनेमातल्या शॉट्सची लांबी मोजण्याचं चिकाटीचं काम केलं. 1930 ते 1960 या काळात हॉलिवूडच्या बहुतेक सिनेमांत एक शॉट सरासरी 8 ते 11 सेकंद टिकायचा, शतकाच्या अखेरीस ती सरासरी 3 ते 6 सेकंदांवर आली, असं त्याने दाखवलं. म्हणजे डोळे एखाद्या चेहऱ्यावर नीट टेकायच्या आत चेहरा बदलतो. दिवसभर एक्सेलच्या रकान्यांतून धावलेल्या डोळ्यांना ही विश्रांती कशी वाटावी?

बासू चटर्जींकडे मी इथून वळते. अजमेरला जन्मलेला हा माणूस मुंबईत आला आणि 'ब्लिट्झ' साप्ताहिकात जवळजवळ अठरा वर्षं व्यंगचित्रं काढत राहिला. मग 'तीसरी कसम'साठी बासू भट्टाचार्यांचा सहायक, आणि 1969 साली 'सारा आकाश' हा स्वतःचा पहिला सिनेमा. व्यंगचित्रकाराची नजर त्यांच्या सिनेमात मला सारखी दिसते. चार रेघांत माणूस उभा करायचा आणि त्या माणसाचा अपमान करायचा नाही. त्यांच्या गोष्टीत खलनायक नसतो. वाईटात वाईट म्हणजे स्कूटरवाला नागेश. 'छोटी सी बात'मध्ये असरानींनी केलेला हा नागेश फार तर काय करतो? बसस्टॉपवर स्कूटर थांबवतो आणि प्रभाला लिफ्ट देतो. तिच्यावर मनातल्या मनात प्रेम करणारा अरुण मागे उभा राहतो, रांगेत.

हा बसस्टॉप मला त्या सिनेमाचं हृदय वाटतो. अमोल पालेकरांचा अरुण रोज तिथे येतो. विद्या सिन्हांची प्रभा येते. बस येते, दोघं चढतात, उतरतात, आपापल्या ऑफिसात जातात. तो मनात वाक्यं जुळवतो, बोलत नाही. तिला कळलेलं असतं, ती न कळल्यासारखं करते. पहिला बराचसा भाग एवढाच आहे. पालेकर त्या काळापर्यंत बँकेत नोकरी करत होते, जोडीला सत्यदेव दुबेंबरोबर नाटकं. ऑफिसची बॅग कशी धरतात, साहेबासमोर मान किती वाकते, बससाठी पाऊल कधी उचलायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नसावी असं पाहताना वाटतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. अरुण प्रभाच्या मागे मागे चालतो, आणि आजच्या मुलीला ते खुपेल. खुपावंच. माझ्या ऑफिसातल्या एका आर्टिकलला मी हा सिनेमा सुचवला तेव्हा ती म्हणाली, "ताई, मला त्याची भीती वाटली असती." तिचं म्हणणं मी मोडून काढणार नाही. मी एवढंच पाहते की दिग्दर्शकाने प्रभाला खूप आधी सगळं माहीत करून दिलंय, ती मनातल्या मनात हसते, त्याने बोलावं म्हणून तीही थांबलेली आहे. वाट दोघंही बघतायत. पुढे अरुण खंडाळ्याला अशोककुमारांच्या कर्नलकडे जातो, चतुराईचे धडे घेऊन परततो, तिथून माझा रस थोडा ओसरतो. जिंकणारा अरुण मला फारसा नको असतो. रांगेतला हवा असतो.

कारण रांगेतल्या अरुणला घाई नाही. म्हणजे त्याचं मन अधीर आहे, पण कॅमेरा अधीर नाही. बस यायला जितका वेळ लागतो तितका तो लागू देतो. मला जे शांत करतं ते हेच असावं, असं आता वाटायला लागलंय. माझ्या आयुष्यात वाट पाहणं म्हणजे शिक्षा झालेली आहे: तारखेची, परिपत्रकाची, फोनची. या सिनेमांमध्ये वाट पाहणारं माणूस तेवढ्या वेळातही पूर्ण जगत असतं. रस्त्यावरचं ऊन त्याच्या वाट्याला येतं, शेजारच्याचं वर्तमानपत्र येतं, मनातल्या मनात म्हटलेलं वाक्य येतं.

पण संथ म्हणजे आपोआप विसावा देणारं, असं समजू नये. याच काळातला दुसरा एक बसचा थांबा पाहा. मणि कौलांचा 'उसकी रोटी'. मोहन राकेशांच्या कथेवरचा. बालो नावाची बाई रोज नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्यावर येऊन उभी राहते. नवरा बस ड्रायव्हर, सुच्चासिंग. त्या दिवशी तिला उशीर होतो, बस निघून जाते, ती उभी राहते. छायाचित्रण के. के. महाजनांचं. 'रजनीगंधा' आणि 'छोटी सी बात'ही त्यांनीच टिपले. एकच कॅमेरामन, दोन थांबे. बालोचा थांबा थोर सिनेमा आहे, पण ऑडिटच्या आठवड्यात मी तो लावणार नाही. तिथली प्रत्येक स्तब्ध चौकट माझ्याकडून काहीतरी मागते, आणि बालोच्या वाट पाहण्यात तिचं स्वतःचं असं काही उरलेलं नाही. ती बस चुकली तर तिला काय भोगावं लागेल ही धास्ती आहे. थकलेल्या माणसाला तो सिनेमा आणखी एक जबाबदारी देतो. सुट्टीच्या सकाळी, ताज्या डोक्याने बघावा असा तो आहे.

'पिया का घर' मात्र आईबरोबर कधीही चालतो. राजा ठाकूरांच्या 'मुंबईचा जावई' या 1970 च्या मराठी सिनेमावरून बासू चटर्जींनी तो दोन वर्षांनी केला. चाळीतल्या दोन खोल्या, भरलं घर, नवं लग्न, आणि नवराबायकोला बोलायलासुद्धा कोपरा नाही. आई गिरगावात लग्न होऊन आली तेव्हा तिच्याही घरात माणसं मोजूनच झोपायची. तिला हा सिनेमा गंमत म्हणून आवडतो असं मला वाटायचं. एकदा बघता बघता ती म्हणाली, "अगं, रात्री सगळे झोपेपर्यंत मी नुसती जागी पडून राहायची. पण तेवढाच वेळ माझा होता." आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागली.

इराणकडे मी उशिरा पोचले. अब्बास किआरोस्तामींचा 1987 चा सिनेमा, शीर्षकच एक प्रश्न: मित्राचं घर कुठे आहे? कोकेर गावातला अहमद आठ वर्षांचा असेल. शेजारी बसणाऱ्या नेमतजादेची वही चुकून त्याच्या दप्तरात आली आहे. गुरुजींनी नेमतजादेला बजावलंय, पुन्हा गृहपाठ वहीत नसेल तर शाळेतून काढीन. आणि नेमतजादे राहतो डोंगरापलीकडच्या पोश्तेहमध्ये. आई ऐकत नाही. आधी अभ्यास कर, मग भाकरी आण. अहमद निसटतो आणि डोंगरावरच्या नागमोडी वाटेने धावत सुटतो. टोकाला एकच झाड.

गोष्टीत तणाव आहे, भरपूर आहे. एका मुलाची शाळा पणाला लागली आहे. तरीही हा सिनेमा मला शांत करतो, आणि त्याचं उत्तर मला शेवटाकडच्या एका प्रसंगात सापडतं. अंधार पडत आलाय. पोश्तेहमध्ये अहमदला एक म्हातारा सुतार भेटतो. आयुष्यभर त्याने गावासाठी दारं-खिडक्या केल्या. आता लोक लोखंडी दारं बसवतायत. म्हातारा म्हणतो, चल, मी दाखवतो घर. आणि तो चालतो, त्याच्या गतीने. मध्येच थांबतो, हे दार मी केलं, ती खिडकी माझी. झऱ्याशी थांबतो, एक फूल खुडतो, मुलाला म्हणतो वहीत ठेव. मुलाचे पाय पुढे ओढतायत. उशीर झालाय, घरी मार बसेल, कुत्री भुंकतायत. तो पुढे धावू शकतो, पण म्हाताऱ्याला सोडून जात नाही. घाई आणि संथपणा एकाच चौकटीत, एकाच गल्लीत चाललेत आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचा अपमान करत नाही. म्हाताऱ्याने दाखवलेलं घर ते नसतंच. मुलगा तसं सांगत नाही, वही शर्टाच्या आत दडवून परततो. दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजी नेमतजादेची वही उघडतात. रात्री जागून अहमदने मित्राचाही गृहपाठ लिहिला आहे. आणि पानांमध्ये ते फूल.

पहिल्यांदा बघताना मी त्या म्हाताऱ्यावर चिडले होते. आता त्याची गल्ली यायची मी वाट बघते.

किआरोस्तामी म्हणायचे की प्रेक्षकाला थिएटरात झोप लागली तरी त्यांना चालतं. काही सिनेमे तिथे डुलकी घेऊ देतात आणि नंतर रात्रभर जागं ठेवतात, ते त्यांना अधिक प्रिय. यातला मायेचा भाग मला फार भावतो. बनवणाराच सांगतोय की तू थकून आली आहेस, झोपलीस तरी मी रागावणार नाही. माझ्याकडून एवढी कमी अपेक्षा ठेवणारी दुसरी कुठली गोष्ट माझ्या दिवसात असते? मला खरंच झोप लागते कधी कधी. जाग येते तेव्हा पडद्यावर तोच डोंगर असतो, थोडा अधिक अंधारलेला, आणि मी काहीही गमावलेलं नसतं.

यासुजिरो ओझूंच्या 'टोकियो स्टोरी'बद्दल (1953) लिहायला मला थोडा धीर गोळा करावा लागतो. ओनोमिची या गावाहून म्हातारे आईवडील मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुलगा डॉक्टर, मुलगी ब्यूटी पार्लर चालवते, दोघंही कामात. वाईट नाहीत, फक्त वेळ नाही. शेवटी आईवडिलांना अतामीच्या एका स्वस्त हॉटेलात पाठवून देतात, तिथे रात्रभर इतरांचा गोंगाट, झोप नाही. सकाळी दोघं समुद्राच्या भिंतीवर बसतात आणि म्हणतात, घरी जाऊ या. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, तेवढी ऑफिसातून दिवसाची रजा काढून त्यांना शहर दाखवते. ओझूंचा कॅमेरा जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास, आणि जवळजवळ हलत नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये ते एखादं धुराडं दाखवतात, वाळत घातलेले कपडे, जाणारी आगगाडी. कुणाचंही नसलेलं असं काहीतरी, काही सेकंद. मघाशी ऐकलेलं वाक्य तेवढ्या वेळात खोल उतरतं.

हा सिनेमा बघून मी रडते. याने ताण कसा जाईल, असं कुणी विचारेल. पण ज्या रडण्यात कुणावर आरोप नाही त्याने छाती मोकळी होते, हे कुठल्याही बाईला माहीत आहे. पुढच्या खेपेला बाबा वाईहून आले तेव्हा मी रजा टाकली आणि आम्ही राणीच्या बागेत गेलो. त्यांना पेंग्विनपेक्षा जुनी झाडं बघायची होती. एकेका बुंध्यावरची पाटी ते थांबून मोठ्याने वाचत होते आणि मला कुठेही पोचायचं नव्हतं.

मराठीत या जातीचं सर्वांत मोठं काम, माझ्या मते, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी केलं. त्यांच्या 'कासव'ला 64 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. 'श्यामची आई'पासून मोजलं तर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी सिनेमा. गोष्ट कोकण किनाऱ्यावरची. इरावती हर्षेंची जानकी स्वतःच्या मनाच्या अंधारातून बाहेर पडते आहे. तिला आलोक राजवाडेने केलेला एक मुलगा भेटतो, जगण्याला पाठ फिरवलेला. ती त्याला घरी आणते आणि काही विचारत नाही. नाव नाही, गाव नाही, काय झालं नाही. जेवण ठेवते. दार उघडं ठेवते. एकीकडे किनाऱ्यावर मोहन आगाशेंचे दत्ताभाऊ कासवांची अंडी जपतायत.

ज्याला खोल नैराश्य आहे त्याला सिनेमा दाखवून भागणार नाही, त्याला डॉक्टरकडे न्यायलाच हवं. हे मी ठामपणे म्हणते, कारण 'एक छान पिक्चर बघ, बरं वाटेल' असं म्हणून माणसं एकमेकांची बोळवण करतात. 'कासव'ही तसा दावा करत नाही. तो फक्त दाखवतो की जवळ असणं आणि मागे लागणं यांत किती फरक आहे. आमच्या घरांमध्ये काळजीचा पहिला आविष्कार म्हणजे प्रश्न. जेवलीस का, झोपलीस का, असं का झालं, आता काय करणार. प्रश्न न विचारता कुणीतरी शेजारी बसलंय, हे दृश्य मराठी पडद्यावर इतका वेळ टिकून राहिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

तो सिनेमा बघितल्यावर आम्ही वेळासला गेलो. रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास इथे कासवं वाचवण्याचं काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. कोल्हे-कुत्र्यांनी ती उकरू नयेत म्हणून गावातली माणसं ती काढून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात. मग साधारण दीड-दोन महिने थांबायचं. घाई करायला काही साधनच नाही. सकाळी आणि संध्याकाळी खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलून बघतात, पिल्लं वर आली असतील तर ती नेऊन पाण्याच्या अलीकडे वाळूवर सोडतात. पाण्यात सोडत नाहीत. तेवढं अंतर पिल्लांनी आपलं आपण चालायचं. आम्ही गेलो त्या संध्याकाळी टोपलीखाली काही नव्हतं. जमलेल्या गर्दीत कुरबुर झाली, दोन गाड्या लगेच निघूनही गेल्या. कार्यकर्ता म्हणाला, "आज नाही आली. उद्या बघू." त्याच्या आवाजात जराही खंत नव्हती.

नव्यांपैकी अविनाश अरुण यांचा 'थ्री ऑफ अस' (2023) मी या यादीत विश्वासाने घालते. 'किल्ला' करणारे हेच ते. शेफाली शाहची शैलजा मुंबईत कोर्टात काम करते, तिची स्मृती हळूहळू चालली आहे. नवऱ्याला घेऊन ती वेंगुर्ल्याला जाते, जिथे लहानपणीची काही वर्षं गेली. तिथे तिचा बालमित्र आहे, प्रदीप कामत, जयदीप अहलावतने केलेला. एवढ्या सामग्रीवर दुसऱ्या कुणी केवढा कल्लोळ उभा केला असता. इथे नवरा बघतो, समजतो, थोडा दुखावतो आणि सोबत चालत राहतो. प्रदीप बँकेत मॅनेजर आहे, फावल्या वेळात भरतकाम करतो. या भरतकामाचं सिनेमा काही खास करत नाही. एक मोठा पुरुष सुई घेऊन बसलाय, बस्स. वेंगुर्ल्याची लाल माती आणि हिरवा काळोख ज्यांनी पाहिलाय त्यांना तर वेगळं काही सांगायलाच नको.

हे सिनेमे कसे बघावेत याबद्दल माझी मतं पक्की आहेत. दीडपट वेगाने कधीही नाही. तशी सोय आता प्रत्येक ॲपवर आहे आणि आमच्या ऑफिसातली पोरं सर्रास वापरतात, पण बसस्टॉपवरचा अरुण दीडपट वेगाने पाहिला तर उरतं काय? फोन दुसऱ्या खोलीत. जेवण आधी उरकलेलं, नाहीतर पडद्यावरचं कुणी जेवताना दिसलं की लक्ष ताटात जातं. एका बैठकीत संपवायलाच हवा असा नियम नाही. आणि शक्यतो कुणी न बोलणारं सोबत असावं.

काही जणांना नॉर्वेच्या टीव्हीवरचे रेल्वेप्रवास आवडतात. 2009 साली तिथल्या सरकारी वाहिनीने बर्गन ते ओस्लो हा सात तासांहून मोठा प्रवास सबंध दाखवला आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. आपल्याकडेही कोकण रेल्वेच्या पावसातल्या प्रवासाचे लांबच लांब व्हिडिओ लावून लोक झोपतात. मीही लावून पाहिले. डोळ्यांना बरं वाटतं, मन मात्र थोड्या वेळाने परत फाइलींकडे जातं. मला माणूस लागतो. बोगद्यातून बाहेर आलेला हिरवा डोंगर सुंदर असतो, पण तो कुणाची वाट बघत नसतो.

यंदा दिवाळीला भाऊ येतोय बंगळूरहून. त्याच्या कामात रात्र आणि दिवस हा फरक केव्हाच पुसला गेलाय, फोनवर बोलतानाही कीबोर्डचा आवाज येत असतो. त्याच्यासाठी काय लावायचं यावर आईचं आणि माझं एकमत होत नाहीये. ती म्हणते 'बातों बातों में' लाव, वांद्र्याची लोकल आहे, गाणी आहेत, नट डेव्हिड आहे, पोरगं हसेल तरी. मला वाटतं सुतार म्हाताऱ्याची गल्ली. सबटायटल वाचायला तो कुरकुरणार, हे दोघींनाही माहीत आहे. सध्या असं ठरलंय की भाऊबीजेला आईचा, आणि तो आणखी एक दिवस राहिला तर माझा. परतीचं तिकीट त्याने अजून काढलेलं नाही.